डिपेश मोडच्या कॅसेट सिंगल्स : नागपूरच्या उन्हात जपायच्या की वाजवायच्या?

ऑरेंज_सिंथ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज धागा काढायची वेळ आली कारण मे तोंडावर आलाय आणि मला रात्री झोप नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९० ची दिवाळी, मी दहावीत. मामा ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी सहा महिने इंग्लंडला गेला होता. मी त्याला पत्रात लिहिलं होतं, "डिपेश मोडची नवीन कॅसेट आण." मला म्हणायचं होतं या ब्रिटिश सिंथेसायझर-बँडचा 'व्हायोलेटर' अल्बम, त्याच वर्षी मार्चमध्ये आला होता. (नागपुरात बसून हे कसं कळलं? घरच्या टू-इन-वनवर शॉर्टवेव्ह लावून बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ऐकायचो, अर्धं गाणं अन् अर्धी खरखर.) मामाने दुकानात जाऊन बँडचं नाव सांगितलं आणि जी कॅसेट हातात आली ती घेऊन आला. पुठ्ठ्याच्या पाकिटातली. नाव 'एंजॉय द सायलेन्स'. आणि त्यात दोनच गाणी! (यालाच कॅसेट सिंगल म्हणतात.) आई म्हणाली, "बाकीची कुठं गेली?" आपल्याकडे कॅसेट म्हणजे दहा गाणी, असंच ना सगळ्यांना माहीत.

त्या संध्याकाळी मी खट्टू झालो होतो, खोटं नाही सांगत. पण दुसरं गाणं लावलं, 'मेम्फिस्टो'. त्यात शब्दच नाहीत, नुसतं सिंथवरचं काळोखं संगीत. पुढे दोन वर्षांनी मित्राकडे 'व्हायोलेटर' ऐकला तेव्हा कळलं की 'मेम्फिस्टो' त्यात नाहीच. म्हणजे माझ्याकडे जे होतं ते अल्बम घेणाऱ्यालाही मिळालं नव्हतं. तिथून जे सुरू झालं ते आजवर.

यांच्या ब्रिटिश सिंगल्सवर 'बाँग' असा क्रमांक असतो, १९८२ च्या 'लीव्ह इन सायलेन्स'पासून त्यांच्या कंपनीने, म्यूट रेकॉर्ड्सने, तो सुरू केला. कॅसेट असेल तर पुढे सी लागतो. माझ्याकडे सीबाँग १७ (पर्सनल जीझस), १८ (मामाची), २२ (वॉकिंग इन माय शूज) आणि आता गेल्या महिन्यात आलेली १९, पॉलिसी ऑफ ट्रुथ. ही १९ सीलबंद आहे. १९९० पासून कोणी उघडलेलीच नाही.

तर प्रश्न तीन. एक, मामाची १८ नंबर आता नीट वाजत नाही, आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो, मधेच बारीक होतो, काय झालं असेल? दोन, सीलबंद १९ उघडावी का? तीन, घरात एसी फक्त बेडरूममध्ये, बाकी सगळीकडे कूलर. कॅसेटी ठेवू कुठे?

बर्डीवाला

वा, काय आठवण काढलीत! आम्ही बर्डीवर एका छोट्या दुकानात कागदावर यादी लिहून द्यायचो आणि तो काका कोऱ्या सी-साठवर (साठ मिनिटांची कॅसेट) गाणी भरून द्यायचा. दोन दिवसांनी या म्हणायचा आणि खरंतर आठवडा लावायचा. शेवटचं गाणं बाजू संपल्यामुळे हमखास अर्ध्यात तुटलेलं. आजही ते गाणं पूर्ण ऐकलं की मला पुढचा भाग परका वाटतो.

कॅसेट सिंगल मात्र मी इथल्या कुठल्याच दुकानात बघितली नाही, सदरलाही नाही. दोन गाण्यांसाठी पैसे कोण देणार, बापाने घरात घेतलं नसतं.

पोट्टा_धरमपेठी

राजा एक सांग, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे न बे. मेम्फिस्टो पण आहे, आत्ताच ऐकून आलो. मंग एवढे पैसे काऊन देऊन रायला? चिडू नको, खरंच समजून घ्याचं आहे मले.

काळी_तबकडी

मी वेगळ्या बाजूने विरोध करतो. डिपेश मोड जमवायचेच तर बारा इंची तबकड्या जमवा. 'एंजॉय द सायलेन्स'च्या मर्यादित तबकडीवर पंधरा मिनिटांहून लांब मिक्स आहे, पूर्ण एक बाजू भरून. कॅसेट सिंगलवर काय, साधं रेडिओवालं व्हर्जन आणि एक जोडगाणं. शिवाय टेपची सरसर. ध्वनीचा विचार केला तर सगळ्यात कमकुवत माध्यम हेच आहे.

ऑरेंज_सिंथ

@पोट्टा_धरमपेठी, चिडत नाही रे. ऐकायला मीही फोनवरच ऐकतो, रोज गाडीत. पण ती १८ नंबरची कॅसेट हातात घेतली की पुठ्ठ्याचा एक कोपरा दबलेला आहे, तो मामाच्या बॅगेत दबलाय. ते यूट्यूबवर कुठून मिळणार. आणि बाकीच्या का, तर एकाच्या शेजारी दुसरी लागते. १८ आहे तर १७ आणि १९ पाहिजेच असं आपोआप होतं, ज्याने काडेपेट्या किंवा तिकिटं जमवली त्याला हे कळेल.

@काळी_तबकडी, ध्वनीचं तुमचं म्हणणं मान्य. पण दहावीत माझ्याकडे तबकडीचा प्लेयर नव्हता, टू-इन-वन होता. मी हा बँड सरसरीसकटच ऐकलाय, आणि ती सरसर मला आवडते.

निव्वळवाचक

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

चुंबकपट्टी

धागाकर्त्यांनी लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निदान इथूनच करतो : प्रेशर पॅड गेलंय.

कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध बघा, पातळ धातूच्या पट्टीवर फेल्टचा चिमुकला चौकोन चिकटवलेला असतो. त्याचं काम एकच, पट्टी हेडवर, म्हणजे प्लेयरच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरायची. तीस-पस्तीस वर्षांत तो डिंक वाळतो आणि फेल्ट गळून पडतं. मग पट्टी हेडला कधी टेकते, कधी नाही. आधी वरचे, चिरके स्वर जातात, म्हणून घोंगडीतून आल्यासारखं वाटतं. आवाज मधेच बारीक होणंही त्यातलंच. हलवून बघा, आत काहीतरी खुळखुळत असेल तर तेच फेल्ट. असं असताना अजिबात वाजवू नका, तो तुकडा पट्टीत गुंतला तर टेपरेकॉर्डर कॅसेट खाईल.

उपाय सोपा आहे पण हात स्थिर पाहिजे. घरातली वाया गेलेली एखादी कॅसेट घ्या, तिचं पॅड पट्टीसकट चिमट्याने काढून इकडे बसवायचं. कॅसेटच्या प्लॅस्टिक कव्हरला पाच स्क्रू असतील तर देवाची कृपा. पण या सिंगल्सची कव्हरं पुष्कळदा वेल्ड केलेली असतात, स्क्रूच नाही. मग शिवणीवरून पातळ पातं हळूहळू फिरवत उघडावं लागतं आणि दोन्ही रिळं स्क्रूवाल्या रिकाम्या कव्हरमध्ये हलवावी लागतात. उघडायच्या आधी फोटो काढून ठेवा, पट्टी कोपऱ्यातल्या चाकांवरून कशी गेलीय ते. पट्टी जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते, बोट लावायचं नाही.

आणि प्लेयर कुठला वापरता? आपल्या हवेत डेकचा रबरी बेल्ट वितळून डांबर होतो, मी तीन मशीनमधून खरवडून काढलाय. आधी हेड आणि पिंच रोलर (पट्टी ओढणारं रबरी चाक) स्पिरिटने पुसा, मगच अशी कॅसेट आत घाला.

वाळा_आणि_पाणी

कूलरबद्दल मी सांगते, कारण आमचं नुकसान झालेलं आहे.

माझ्या बाबांनी आकाशवाणी नागपूरवरची नाट्यगीतं, कीर्तनं, आजीच्या ओव्या असं सगळं टेप केलेलं होतं, साठेक कॅसेटी. बैठकीत शोकेसमध्ये लावलेल्या आणि समोरच्याच खिडकीत कूलर. बाबांना वाटायचं की थंड जागा आहे, म्हणजे चांगली. चार-पाच उन्हाळे गेले. एक दिवस काढून बघितलं तर रिळांच्या कडेला पांढरी बुरशी, साखर भुरभुरवल्यासारखी. आपल्याकडे उन्हाळा कोरडा म्हणून आपण निर्धास्त असतो, पण कूलर लावलेली खोली कोरडी राहतच नाही ना, पापडसुद्धा सादळतात. आजीच्या ओव्यांची एक बाजू गेली ती गेलीच.

तेव्हा कूलरच्या खोलीत नको. माळ्यावर तर मुळीच नको, स्लॅब तापते. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटातही नको. आम्ही आता आतल्या खोलीत, मधल्या भिंतीशी, लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. उभ्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळा संपला की पुड्या बदलते.

बर्डीवाला

ताई, ओव्यांचं वाचून वाईट वाटलं. राहिलेली बाजू तरी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या लवकर.

वाळा_आणि_पाणी

घेतली दादा. भावाने उतरवली, सगळ्या नातवंडांकडे आहे आता.

पोट्टा_धरमपेठी

अवांतर : आमच्याकडे आजही खिडकीत वाळ्याची ताटी आहे, त्या वासापुढं एसी फिका आहे. पण काकू, पापड सादळते हे प्रमाण एक नंबर. आता घरात कुठंही काही ठेवाचं असलं की आधी पापड ठेवून पाहीन, पापड कुरकुरीत तर कॅसेट सुखरूप!

चुंबकपट्टी

पापडाची कसोटी मी खरोखर वापरणार आहे.

एक भर घालतो. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. बाहेर काढल्यावर दव धरतं. थंडीपेक्षा हवा एकसारखी राहणं जास्त महत्त्वाचं. दिवसभर ४४ डिग्री आणि रात्री एसीमध्ये २२, हे रोजचं वरखाली टेपला सोसत नाही. आणि परदेशातून मागवायचं तर दिवाळी ते संक्रांत एवढ्याच काळात. मे महिन्यात पार्सल दुपारभर गाडीत पडलं तर कव्हर वाकडं होऊन येतं.

दूरदेशी_वऱ्हाडी

मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, सध्या जर्मनीत लाइपझिगला. इथे या बँडचं जे वेड आहे ते बघून मी थक्क झालो. माझे एक ज्येष्ठ सहकारी पूर्व जर्मनीत वाढलेले. मार्च १९८८ मध्ये डिपेश मोड पूर्व बर्लिनमध्ये वाजवून गेले, भिंत पडायच्या दीड वर्ष आधी. सहकाऱ्यांना तिकीट मिळालं नव्हतं, ते आजही त्याबद्दल बोलताना गप्प होतात. रेकॉर्ड दुकानात सहसा मिळायचे नाहीत म्हणून पश्चिमेकडच्या रेडिओवरून टेप करायचे, एकाची कॅसेट वर्गभर फिरायची. आपण बर्डीवर भरून घ्यायचो तसंच की.

इथल्या जुन्या बाजारात पोलंडच्या कॅसेटी भरपूर दिसतात. पोलंडमध्ये कॉपीराइटचा नवा कायदा १९९४ साली आला, तोवर तिकडे उघडपणे नक्कल छापायचे. कव्हरवर स्पेलिंगच्या चुका, गाण्यांचा क्रम हवा तसा. माझ्या मते त्याही जमवण्यासारख्या आहेत.

धागाकर्ते, सीबाँग २० तुमच्याकडे नाही असं दिसतंय. 'वर्ल्ड इन माय आइज'. शोधू का?

काळी_तबकडी

नकला जमवायच्या हे मला पटत नाही. बँडला त्यातून एक पैसाही मिळाला नाही.

आणि 'दुर्मिळ' हा शब्दही जरा जपून वापरूया. या ब्रिटिश कॅसेट सिंगल्स तिकडे हजारोंनी विकल्या गेल्यात, डिस्कॉग्जवर (जुन्या रेकॉर्ड-कॅसेटींच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट) बघितलं तर कॅसेट स्वस्त आणि पोस्टेज महाग असा प्रकार असतो. आपल्याला दुर्मिळ वाटतात कारण आपण नागपुरात आहोत. खरी दुर्मिळ गोष्ट वेगळी. मार्च १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डच्या दुकानात बँड सह्या द्यायला बसला, हजारो लोक लोटले, चेंगराचेंगरी झाली, पोलिसांनी कार्यक्रम बंद केला. त्यानंतर तिथल्या केरॉक रेडिओ स्टेशनने बँडबरोबर मिळून एक कॅसेट काढली, तिथल्या चाहत्यांची माफी म्हणून. दुकानात विक्रीला कधी आलीच नाही ती.

ऑरेंज_सिंथ

माफी म्हणून कॅसेट! ही गोष्ट मला अशी तपशिलात माहीत नव्हती, आभार.

दुर्मिळबद्दल मात्र थोडं भांडतो. वस्तू किती छापल्या यावरून एक दुर्मिळपणा ठरतो, पण किती जगल्या यावरून दुसरा. पुठ्ठ्याचं पाकीट, गाडीत फेकलेलं, लोकांनी दोन महिने ऐकून टाकून दिलेलं. तबकडी माणूस जपतो, कॅसेट सिंगल कोणी जपली नाही. जी वस्तू कोणी जपण्यालायक समजलं नाही ती पस्तीस वर्षांनी बँडचा छायाचित्रकार आंतोन कॉर्बाइनच्या फोटोसकट धड राहिली असेल तर मला ती दुर्मिळच वाटते.

@दूरदेशी_वऱ्हाडी, शोधा ना, कृपा होईल!! घाई नाही, चुंबकपट्टी म्हणतात तसं दिवाळीनंतर पाठवा.

हर्ट्झ_अँड_सन

कॅसेट सिंगलचा विषय निघालाय तर मूळपुरुषाचं नाव घ्यायलाच हवं. पहिली कॅसेट सिंगल १९८० साली ईएमआयने काढली, बो वाव वाव नावाच्या बँडची. गाणं घरच्या घरी कॅसेटवर गाणी भरून घेण्याबद्दलच होतं, आणि गंमत म्हणजे कॅसेटची दुसरी बाजू कोरी ठेवलेली, घ्या आणि भरा! कंपनीच्या लोकांना ते रुचलं नाही हे सांगायला नको.

पुढे बऱ्याच सिंगल्सवर दोन्ही बाजूंना तीच गाणी देऊ लागले, कशीही घाला, उलटवायची कटकट नाही.

बर्डीवाला

कोरी बाजू! आमच्या बर्डीच्या काकाने त्या कंपनीला नारळ वाहिला असता.

पोट्टा_धरमपेठी

सीलवाल्या प्रश्नाचं काय झालं? सगळे पापडात अन् पोलंडमध्ये गुंतले. माझं मत, उघडू नको राजा. आता वाचून वाचून मलेच जीव लागला तिच्यात. पस्तीस वर्षं कोणी हात नाही लावला, आपण काऊन लावाचा.

काळी_तबकडी

सहमत. उघडली की किंमत खाली येते, परत सील करता येत नाही.

वाळा_आणि_पाणी

मी उघडा म्हणेन. आवाज धरून ठेवलेली वस्तू आहे, न ऐकता ठेवली तर आत काय राहिलंय हे कळणार तरी कसं? बाबांच्या कॅसेटी आम्ही वेळच्या वेळी वाजवल्या असत्या तर बुरशी पहिल्याच वर्षी दिसली असती.

चुंबकपट्टी

काकूंचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. लोकांना वाटतं की सील आहे म्हणजे आत सगळं नवं. पण प्लॅस्टिकचा कागद डिंकाला वाळण्यापासून वाचवत नाही. १९ नंबरचं पॅडही १८ इतक्याच वयाचं आहे. उलट तो कागद वर्षानुवर्षं आवळत जातो आणि पुठ्ठ्याच्या कडा मुडपतो. शिवाय इतकी वर्षं एकाच स्थितीत गुंडाळलेली पट्टी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून सैल केलेली बरी.

किंमत हवी असेल तर बंद ठेवा. कॅसेट हवी असेल तर उघडा. दोन्हीतलं काय हवंय ते धागाकर्त्यांनी ठरवायचं. त्रिमूर्ती नगरला माझ्याकडे डेक आहे, बेल्ट नवा टाकलेला, हेड साफ. १८ घेऊन या, पॅड बसवून देतो. पैसे नकोत, संत्रा बर्फी चालेल.

ऑरेंज_सिंथ

मंडळी, बारा दिवसांनी परत आलो, सांगण्यासारखं आहे म्हणून.

रविवारी चुंबकपट्टींकडे गेलो. बर्फी नेली. मामालाही नेलं, तो आता ७६ चा आहे, गुडघे दुखतात तरी म्हणाला चल. आधी मामाची १८ उघडली. वेल्ड केलेलीच निघाली. पाऊण तास लागला, त्या वेळात कोणी पंखासुद्धा लावू दिला नाही, तिघं घामाने निथळत बसलो होतो. फेल्ट आतच पडलेलं होतं, पिवळं होऊन. ते मी डबीत ठेवलंय. मूळ कव्हरही ठेवलंय, रिळं दुसऱ्या कव्हरमध्ये गेली.

वाजवली. सुरुवातीचे ते सूर आले आणि वरचे स्वर स्वच्छ, १९९० च्या दिवाळीत होते तसे. मी काही बोलू शकलो नाही. मामा पूर्ण ऐकून म्हणाला, "मला दुकानदाराने विचारलं होतं, मोठी हवी की छोटी. मी म्हटलं छोटी द्या, बॅगेत जागा नाही." पस्तीस वर्षांत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं!

१९ पण तिथेच उघडली. पॅड जागेवर होतं पण चिमट्याने हलकं टोकलं तर सुटून आलं, म्हणजे वाजवली असती तर पहिल्याच फेरीत गेलं असतं. तेही बदललं. सीलचा कागद बाजूने कापून काढला, पाकीट परत त्यातच सरकवलंय. दुसरं गाणं 'कॅलाइड', तेही बिनशब्दांचं, दोनदा ऐकलं.

आता चारही कॅसेटी आतल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, उभ्या. शेजारी एक पापड ठेवलाय.

पोट्टा_धरमपेठी

पापड ठेवला!! दिल जीत लिया भाऊ. मामाजींना नमस्कार सांगजो. अन् एक विचाराचं होतं, आमच्या घरी पण एक जुना टू-इन-वन आहे, झाकण उघडते पण चाक फिरत नाही. बेल्टच असंन का?

चुंबकपट्टी

बहुतेक बेल्टच. घेऊन ये. मागचं झाकण उघडू नकोस, डांबर हाताला लागलं की आठवडाभर निघत नाही.

दूरदेशी_वऱ्हाडी

ऑरेंज_सिंथ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. २० नंबर सापडली, जुन्या बाजारात, पाकिटाला एक घडी आहे, वाजते की नाही माहीत नाही. डिसेंबरात नागपूरला येतोय, पोस्टाने नको, हातातच आणतो.

ऑरेंज_सिंथ

घडी असू दे. डिसेंबरात त्रिमूर्ती नगरला सगळेच या, तर्री पोहे माझ्याकडून. वाळा_आणि_पाणी ताई, तुम्ही आजीच्या ओव्यांची ती बुरशीवाली कॅसेट आणा, चुंबकपट्टी म्हणालेत एकदा बघतो.